थोरलीची तुळजाबाई

तुळजाबाईला कुणी "कुठली गं तू?" म्हणून विचारलं की ती मान ताठ करून "थोरलीची" एवढंच सांगायची. पुण्याच्या माणसाला त्यातून काय कळणार? बुधवार पेठेतले लोहार तिच्या हातचा कोळसा वर्षानुवर्षं घेत आले, पण थोरली हे गाव आहे, देवी आहे की हिची मोठी जाऊ आहे, याची चौकशी एकानंही केली नाही. पुण्याबाहेर काही असतं हे पुणेकराला मुळातच मान्य नसतं. पेशवाईतही नव्हतं.

तर ही थोरली वारज्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत होती. पानिपताला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्या रानात लोणाऱ्यांच्या वस्त्या होत्या आणि कोळसा पाडणं हा त्यांचा धंदा. लाकूड तोडायचं, त्याचा उंच ढीग रचायचा, वर पालापाचोळा आणि मातीचा जाड लेप द्यायचा, आत विस्तव सोडायचा आणि आठ-नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून राखत बसायचं. वारा जास्त गेला तर सगळ्याची राख होणार, विस्तव कोंडला तर लाकडाचं लाकूडच राहणार, आणि या दोन्हींच्या मधे नेम साधला तर कोळसा. अशी ती भट्टी. भट्टी तिथं झोपड्या, आणि भट्टीचं जे झालं असेल तेच वस्तीचं नाव. एकीला सात धुराडी ठेवावी लागली, ती सातधुरी. एकीत ओढ्याचं पाणी शिरलं, ती विझली. एकीनं पेट घेतला आणि महिन्याची मेहनत तासाभरात भडकून गेली, ती जळकी. जळकीच्या पोरींची लग्नं जमवताना आईबापांची जीभ अडखळायची, पण नाव बदलावं असं कुणाच्या मनात आलं नाही. जे झालं ते झालं, त्यात लपवायचं काय?

थोरलीचं नाव मात्र मानाचं. तुळजाबाईच्या आजेसासऱ्यानं सात घरांचं लाकूड एकाच भट्टीत रचलं, अकरा दिवस राखलं आणि बोटभर कांडकंही वाया न घालवता कोळसा काढला. तेव्हापासून ती थोरली भट्टी, आणि तिथली माणसं थोरलीची. लग्नाच्या बैठकीत थोरलीचं नाव निघालं की पुढचं बोलणं आपोआप सोपं व्हायचं.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं महाभारत तिच्यावरूनच घडलं. आसपासचं लाकूड संपलं की वस्ती उठायची आणि पुढच्या रानात जायची. उठताना भट्टीच्या जागची काळी, भाजलेली माती टोपलीत भरून न्यायची. तिलाही कारण होतं. कोरी माती विस्तवानं तडकते आणि फटीतून वारा शिरतो, पण एकदा भाजून निघालेली माती तडकत नाही. नव्या जागी पहिल्या भट्टीला त्या मातीचा लेप दिला की भट्टी हमखास उतरायची, सगळ्या लाकडाचा कोळसा व्हायचा. आणि मातीबरोबर नावही जायचं. माती जिथं उतरवली तिथं थोरली. मागच्या जागेचं नाव उठलं. तिला पुन्हा त्या नावानं हाक मारायची नाही, मारली तर नवी भट्टी पेट घेते असा समज. म्हणून सोडलेल्या जागेबद्दल कुणी बोलतच नसे, जणू तिथं कधी चूल पेटलीच नव्हती.

तुळजाबाई अकरा वर्षांची नवरी होऊन थोरलीत आली. वर्षभरातच वस्ती उठली आणि टोपली डोक्यावर घेतलेल्या सासूच्या मागून ती चालत गेली. पुढच्या वेळी सासू राहिली नव्हती, टोपली तुळजाबाईच्याच डोक्यावर होती. सासूनं तिला एक मोलाची गोष्ट शिकवली होती. भट्टीवर अनवाणी चढायचं आणि आत काय चाललंय ते तळपायानं ओळखायचं. कुठं पोकळ झालंय, कुठं अजून ओलं आहे, कुठं आच वर येतेय, हे तुळजाबाईच्या पायाला डोळ्यांआधी कळायचं.

तिच्या नवऱ्याला, साबाजीला, ते एकदाच कळलं नाही. चौथ्या दिवशीच्या भट्टीवर तो चढला, माती खचली आणि कमरेपर्यंत आत गेला. ओढून काढला, पण दुसरा दिवस त्यानं पाहिला नाही. इकडे साबाजीला अग्नी देऊन माणसं घरी आली आणि तिकडे त्याच भट्टीला खिंडार पडलेलं. बाप्ये हातपाय गाळून बसले. धाकटा दीर मच्छिंद्र म्हणाला, जाऊ दे, जळू दे. तुळजाबाई उठली, माती कालवली आणि नवऱ्याला गिळलेल्या त्या भट्टीवर चढून तिनं खिंडार बुजवलं. रडू येत होतं म्हणून हात थांबवले नाहीत. पाच दिवसांनी भट्टी उतरली. त्या दिवसापासून थोरलीत शेवटचा शब्द तिचा, हे कुणी ठरवलं नाही आणि कुणी मोडलंही नाही.

पुढे पंधरा वर्षं सुरळीत गेली. कोळसा लोहारांकडे जायचा आणि चांगल्यातला चांगला सरकारच्या दारूखान्यात, तोफांच्या दारूसाठी. त्यासाठीच थोरल्या भट्टीला मागे कधीतरी सरकारातून कागद मिळाला होता की या लोकांनी इथं राहावं, भट्ट्या लावाव्या, कुणी उपद्रव करू नये. कागद कचेरीच्या दप्तरात होता. थोरलीतल्या कुणी तो पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी वाचणार कोण?

मग शेजारच्या गावच्या पाटलानं उचल खाल्ली. गृहस्थ एरवी वाईट नव्हता, फक्त शेजाऱ्याची जमीन पाहिली की त्याला झोप यायची नाही. त्यानं कचेरीत अर्ज टाकला: माझ्या गावच्या गायरानात लोणारी घुसले आहेत, तीस झोपड्या घातल्या आहेत, त्यांना उठवावं. बोलावणं आलं. तुळजाबाई मच्छिंद्राला घेऊन पुण्याला गेली. तीस घरांनी तिच्या जिवावर चुली पेटत्या ठेवल्या होत्या.

कचेरीत श्रीधरपंत नावाचा कारकून होता. वाळकी अंगकाठी, नाकावर राग, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होण्याआधी कंटाळणारा. त्यानं शपथेसाठी बेलभंडार पुढं ठेवला आणि विचारलं की थोरली भट्टी आजवर जागची हलली आहे का. तुळजाबाईनं बेलभंडारावर हात ठेवून क्षणाचाही विचार न करता सांगितलं की थोरली कधी हलली नाही.

ती खोटं बोलली का? तिच्या लेखी अजिबात नाही. वस्ती हलते, माणसं हलतात, पण थोरली तीच असते, मातीसकट आणि नावासकट. लोणाऱ्यांच्या शंभर बायकांना विचारलं असतं तर शंभर जणींनी हेच सांगितलं असतं. पण श्रीधरपंतानं दप्तरातला कागद काढून वाचला. थोरली भट्टी, पूर्वेस ओढा, दक्षिणेस जोड आंबे. पाटील गालातल्या गालात हसला, कारण आताच्या थोरलीला ओढा पश्चिमेला होता आणि आंबा औषधालाही नव्हता.

"बेलभंडार उचलून खोटं बोललीस बाई," श्रीधरपंत म्हणाला. "एवढं धाडस आमच्या कचेरीतही कुणी करत नाही."

निकाल तिथल्या तिथं झाला. आठ दिवसांत झोपड्या मोडा. कागद दुसऱ्या जागेचा आहे, ती जागा दाखवता आली तर आठवड्याच्या आत दाखवा, पंत स्वतः पाहायला येतील. नाही दाखवता आली तर लोणाऱ्यांना या रानात पाय ठेवायचा हक्क नाही.

बाहेर दारूखान्याचा जमादार शमशुद्दीन उभा होता. तीस वर्षं त्यानं थोरलीचा कोळसा हातात चुरून पारखला होता. तुळजाबाई त्याच्यावरच तडकली. म्हणाली, मी खरं तेच सांगितलं आणि हा मला खोटारडी म्हणतो. शमशुद्दीन शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही माणसांचं बोलता आणि कागद जमिनीचं बोलतो. कागदाला पाय नसतात. तो जिथं लिहिला गेला तिथंच बसून आहे. तुम्ही त्याच्याकडं परत जा."

वाटेत तुळजाबाई मच्छिंद्राच्या पुढं झपाझप चालली. संताप होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. तीस घरं, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोटुशा बायका, आणि जायचं कुठं? जळकीचं रान संपत आलेलं, विझलीवाले स्वतःच उपाशी. पण वारजं मागं पडेपर्यंत तिचा विचार ठरला होता. घरी पोचल्यावर तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की मी जुन्या जागा दाखवणार आणि त्यांची नावंही घेणार.

मच्छिंद्रानं कपाळाला हात लावला. उठवलेलं नाव तोंडानं घ्यायचं? दोन भट्ट्या रचून तयार आहेत, त्या पेट घेतील, मग खायचं काय? दोन-तीन म्हाताऱ्यांनीही कानावर हात ठेवले. तुळजाबाईलाही तो धाक नव्हता असं नाही. पण ती म्हणाली की भट्टी जळाली तर पुन्हा रचता येते, जागा गेली तर रचायची कुठं? मच्छिंद्र पुटपुटला की नाव मागं न्यायचं तर माती तरी बरोबर ने, नाहीतर मातीवाचून नाव म्हणजे नुसती तोंडाची वाफ. ते मात्र तिला पटलं.

सहाव्या दिवशी सकाळी श्रीधरपंत घोड्यावरून आला. मागं पाटील, त्याची चार माणसं आणि कुदळी. तुळजाबाईनं लेपासाठी राखलेली होती तेवढी सगळी काळी माती टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. मागं सगळी वस्ती. उठवलेलं नाव चुकून तोंडातून निघू नये म्हणून बायकांनी पोरांची तोंडं दाबून धरली होती.

ओढा ओलांडून एका उतारावर ती थांबली. करवंदाच्या जाळ्यांखेरीज तिथं काही नव्हतं. तिनं पायातली वहाण काढली, दहा पावलं इकडं, चार पावलं तिकडं केली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही थोरली. इथं बावीस वरसं व्हती." मच्छिंद्रानं डोळे मिटले. पाटलाच्या माणसानं कुदळ मारली. वरची लाल माती निघाली, हातभर खाली काळीकुट्ट लागली आणि तिच्यात कोळशाचे तुकडे. श्रीधरपंत घोड्यावरून उतरला आणि तुकडा बोटांत धरून बघत राहिला. त्यानं विचारलं की इतक्या वर्षांनी नेमकी जागा कशी सापडली. तिनं सांगितलं की पायाला कळतं. पंतानं त्यावर काही शेरा मारला नाही, ही मोठीच गोष्ट.

पण इथंही कागदातला आंबा नव्हता. तुळजाबाई पुन्हा चालायला लागली, आणि आता पाटलाची चाल मंदावली. टेकाड उतरल्यावर पूर्वेला ओढा दिसला, दक्षिणेला एकमेकांत गुंतलेले दोन आंबे, आणि मधे पाटलाचं ज्वारीचं रान. पुरुषभर उंच पीक, हिरवंगार. आसपासची सगळी जमीन तांबडी आणि एवढाच तुकडा काळा. तुळजाबाई बांधावरून आत शिरली. पाटील ओरडला की पीक तुडवू नका. ती ज्वारीच्या मधोमध उभी राहिली. इथंच हळदीच्या पायांनी ती पहिल्यांदा भट्टीवर चढली होती आणि सासूनं मागून तिचा हात धरला होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ही पयली थोरली."

खणायचीसुद्धा गरज नव्हती, तरी पंतानं खणायला लावलं. टोपलीभर कोळसा निघाला.

श्रीधरपंत पाटलाकडे वळला. म्हणाला, "पाटील, आपण अर्ज फार चांगला केलात. लोणारी गायरानात घुसले हे ठरेल तेव्हा ठरेल, पण लोणाऱ्यांच्या जमिनीत ज्वारी घुसली हे आजच ठरलं." पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. मग पंतानं तुळजाबाईला कायदा समजावला. कागदाप्रमाणे ही जमीन थोरल्या भट्टीची. ती तुम्हाला मिळेल, पिकासकट. मात्र कागदात ही जागा आहे, ती पलीकडची नाही. तेव्हा तिथल्या झोपड्या मोडून इथं यावं लागेल.

वस्तीत आनंदाची लाट उसळली. जमीन म्हणजे काय चेष्टा आहे? मच्छिंद्र तर बांधावर फतकल मारून बसला आणि ज्वारीची कणसं हातानं चाचपू लागला, जन्मभर काजळीत घालवलेला माणूस. तुळजाबाईलाही मोह झाला. पण ती मनाशी हिशेब मांडत होती. एक रान आणि तीस घरं. चार घरं पोटभर खातील, बाकीची यांच्या दारात उभी राहतील. इथं तोडायला लाकूड नाही, आणि नांगर कुणाच्या बापानं धरला होता? वर्षभरात हे रान पुन्हा पाटलाकडेच जाईल आणि तीस घरं वाऱ्यावर. तिनं मच्छिंद्राला उठवलं आणि पंताला म्हणाली, "आमाला ही जमीन नगं. पाटलालाच ऱ्हाऊ द्या. त्यानं लिहून द्यावं की पल्याडली जागा आन् तिथलं रान आमचं, पिढीजात. तेचा कागद आजच करा, आत्ता."

मच्छिंद्र तिला वेड्यात काढायला लागला. ती पाटलाकडे बघत राहिली. पाटलाला दुसरी वाट नव्हती. पीक उभं होतं आणि साक्षीला सरकारी कारकून. तो लगेच कबूल झाला. आंब्याखाली बसून श्रीधरपंतानं लेखणी काढली. चार ओळी लिहिल्या आणि थांबला.

अडचण अशी निघाली की थोरली भट्टी हे नाव दप्तरात या जमिनीचं होतं आणि जमीन पाटलाला जात होती. नाव जमिनीबरोबरच राहणार. एका नावाच्या दोन जागा दप्तरात चालत नाहीत. पुढं भांडण लागलं तर कागद पुन्हा पाटलाकडेच बोट दाखवील. पलीकडच्या वस्तीला दुसरं नाव द्यावं लागेल.

आजेसासऱ्यानं मिळवलेलं नाव. तिच्या सासूनं डोक्यावर वाहिलेलं, साबाजी ज्याच्या नावानं मेला ते नाव. जमीन सोडताना तुळजाबाईचा हात कचरला नव्हता, पण आता ती मटकन खाली बसली. टोपली अजून डोक्यावरच होती. पंत लेखणी धरून वाट बघत राहिला.

शेवटी ती उठली. कुणाला हात लावू दिला नाही. ज्वारीच्या मधे जिथं खणलं होतं तिथं गेली आणि टोपलीतली माती तिनं त्या खड्ड्यात ओतली, सगळी, टोपली ठोकून ठोकून. या मातीत साबाजी होता. हे तिला माहीत होतं, मच्छिंद्राला माहीत होतं, वस्तीला माहीत होतं. पंताला सांगायची गरज नव्हती. मग तिनं पायानं खड्डा लोटून घेतला आणि ती परत आंब्याखाली आली. पंतानं नाव विचारलं.

"आमच्यात नाव ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "जे झालं तेच नाव आसतं."

"मग काय झालं?"

तिनं मागं वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. बायकांनी पोरांच्या तोंडावरचे हात काढले होते.

"ऱ्हायली," ती म्हणाली. "लिवा, राहिली."

श्रीधरपंतानं तसंच लिहिलं, वर वाळू टाकली आणि कागद तिच्या रिकाम्या टोपलीत ठेवला. तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली, कारण रचून ठेवलेल्या दोन भट्ट्यांना लेप द्यायला आता कोरी मातीच कालवावी लागणार होती आणि तिला वेळ लागतो.